साफियाच्या बॉयलरचं ठिगळ: एका आगबोट-इंजिनिअरचं पदक कसं वाचायचं

इजिप्त पदकाचा व्यास 36 मिलिमीटर. चांदीचं आहे, चांगलं जाडजूड. एका बाजूला मुकुट आणि ओढणी घेतलेली व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला चौथऱ्यावर बसलेला स्फिंक्स. फितीवर तीन निळे आणि दोन पांढरे पट्टे आहेत, निळ्या आणि पांढऱ्या नाईलची आठवण देणारे. 1882 ते 1889 या काळात इजिप्त आणि सुदानमध्ये लढलेल्या सैनिकांना, नाविकांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना हे पदक मिळालं. कोण कुठे होता हे सांगायला फितीवर चांदीच्या आडव्या पट्ट्या बसवत. अशा एकूण 13 वेगवेगळ्या पट्ट्या निघाल्या. पदकाच्या कडेवर मालकाचं नाव, हुद्दा आणि पलटण किंवा जहाज कोरलेलं असतं.

सरकारी कागदावर त्या माणसाची मोहीम इतक्यात संपते. मोहिमेचं पदक हजेरीवर मिळतं. अमुक तारखांच्या दरम्यान अमुक भागात तुम्ही होतात, एवढं पुरतं. तिथे तुम्ही काय केलंत, हे पदक विचारत नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण काही माणसांच्या बाबतीत अख्खी गोष्टच त्या गाळलेल्या जागेत असते. हेन्री बेनबो हे त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रकरण. ते ब्रिटिश आरमारात चीफ इंजिनिअर होते आणि 3 फेब्रुवारी 1885 या दिवशी नाईल नदीवर 'साफिया' नावाच्या छोट्या आगबोटीच्या आगखोलीत होते.

तिथपर्यंत कसे आले

सुदानमध्ये महंमद अहमद, म्हणजे महदी, यांच्या फौजांनी मार्च 1884 मध्ये खार्तूमला वेढा घातला. आत ब्रिटिश जनरल गॉर्डन होते. लंडनमध्ये महिनोन्महिने चर्चा झाली आणि मग लॉर्ड वुल्सलीच्या हाताखाली सुटकेची मोहीम निघाली. नाईल कोर्ती या गावानंतर मोठा वळसा घेते. तो टाळण्यासाठी वुल्सलीने सर हर्बर्ट स्टुअर्टबरोबर उंटांवरची एक तुकडी बयूदा वाळवंटातून सरळ नदीकाठच्या मेतेम्मा गावाकडे पाठवली. हे अंतर सुमारे 280 किलोमीटर होतं.

या तुकडीत लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्डचं एक छोटं नाविक दल होतं. वाळवंटात नाविक कशाला? तर पलीकडे नाईलवर गॉर्डनच्या आगबोटी येऊन थांबणार होत्या आणि त्या चालवायला माणसं लागणार होती. कोर्तीहून निघताना बेरेसफर्डने उंटांवर लादायला बॉयलरच्या प्लेटा, इंजिनाचं तेल, फटी बुजवायचा काथ्या आणि फिटरची हत्यारं मागितली. ऐकणाऱ्यांना ते विचित्र वाटलं. या प्लेटांनी काय उंट दुरुस्त करणार का, असं जनरल बुलरने विचारल्याचं बेरेसफर्डने लिहून ठेवलं आहे. तरी सामान मंजूर झालं. पाण्याचा थेंब न् थेंब मोजून न्यायच्या वाटेवर कुणीतरी लोखंडी पत्र्यांसाठी उंट अडवून धरला, हा या प्रकरणातला पहिला दुवा. तो नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून मी त्याला किस्सा न मानता पुराव्यात धरतो.

वाटेतल्या लढाया इथे थोडक्यात सांगतो. 17 जानेवारीला अबू क्लीला मोठी चकमक झाली. नाविक दलाची गार्डनर तोफ (दांडा फिरवून सलग गोळ्या झाडणारी) ऐन वेळी अडकली आणि तिच्याभोवतीचे अधिकारी पिगट आणि द लिल मारले गेले. 19 तारखेला पुन्हा लढाई झाली. तिच्यात स्टुअर्टला लागलेली जखम शेवटी प्राणघातक ठरली. सूत्रं सर चार्ल्स विल्सनकडे आली. नदीकाठी गुबातला तळ पडला आणि 21 जानेवारीला गॉर्डनच्या चार आगबोटी तिथे आल्या: बोर्देन, तलाहाविया, साफिया आणि तौफिकिया.

या बोटी म्हणजे युद्धनौका नव्हत्या. लंडनच्या थेम्स नदीवर पेनीभर भाड्यात उतारू नेणाऱ्या बोटी असत, साधारण तेवढ्या आकाराच्या, दोन्ही अंगांना चाकं असलेल्या. खार्तूममध्ये त्यांच्यावर लाकडी ओंडके आणि जुने पत्रे ठोकून आडोसे केले होते आणि लहान पितळी तोफा बसवल्या होत्या. खश्म अल-मूस यांच्यासारखे सुदानी अधिकारी आणि सुदानी, इजिप्शियन खलाशी कित्येक महिने या बोटी गोळीबारातून नेत-आणत होते. गॉर्डनच्या रोजनिशीचा 14 डिसेंबरपर्यंतचा शेवटचा भाग बोर्देनवरूनच बाहेर आला.

विल्सन 24 जानेवारीला बोर्देन आणि तलाहाविया घेऊन खार्तूमकडे निघाला. 28 तारखेला तो शहरासमोर पोचला, तेव्हा किनाऱ्यावरून गोळ्या आल्या आणि सरकारी वाड्यावर झेंडा दिसेना. खार्तूम 26 तारखेलाच पडलं होतं. गॉर्डन मारला गेला होता. परत फिरताना तलाहाविया खडकावर आपटून फुटली. दोन दिवसांनी, 31 जानेवारीला, बोर्देनही गेली. विल्सन आणि त्याची माणसं शत्रूच्या मुलुखात नदीतल्या एका बेटावर अडकली. स्टुअर्ट-वॉर्टली नावाचा तरुण अधिकारी रात्री होडीतून प्रवाहाबरोबर खाली गेला आणि 1 फेब्रुवारीला त्याने गुबातला बातमी दिली. बेरेसफर्ड त्याच दिवशी साफिया घेऊन निघाला. बरोबर नाविक होते, निवडक नेमबाज होते, गार्डनर तोफा होत्या आणि यंत्रांची जबाबदारी बेनबोंकडे होती.

3 फेब्रुवारी

विल्सनच्या बेटापर्यंत जायच्या वाटेवर वाद हबेशीला मातीचा किल्ला होता. नदीत खोल पाणी किल्ल्याच्या बाजूलाच होतं, म्हणून बोटीला काठापासून जेमतेम 80 यार्डांवरून जावं लागणार होतं. प्रवाहाविरुद्ध साफिया फार हळू चाले. बेरेसफर्डने किल्ल्याच्या तोफांच्या खिडक्यांवर असा मारा धरला की समोरून जाताना आतल्या गोलंदाजांना डोकं वर काढता आलं नाही. बोट पुढे सरकली. मात्र ती पुढे गेल्यावर तिच्यावरच्या तोफांचा रोख पहिल्यासारखा राहिला नाही. तेवढ्यात किल्ल्यातून सुटलेला एक गोळा बोटीत शिरला आणि बॉयलर फोडून गेला.

ज्याने बॉयलर पाहिला आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. बंद भांड्यात दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं. भांड्याला भोक पडलं की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होऊन उसळतो. घरातल्या कुकरची शिट्टी दाब असताना उपटू नये म्हणतात त्याचं कारण हेच. इथे तो कुकर खोलीएवढा होता आणि माणसं त्याला लागून उभी होती. आगखोलीतले लोक वाफेने होरपळले. वरून पाहणाऱ्यांना पांढऱ्या वाफेचा लोट दिसला आणि किल्ल्यावरच्या लोकांनी आरोळ्या ठोकल्या. इंजिन थांबलं. बोटीच्या अंगात जेवढी गती उरली होती तेवढ्यात बेरेसफर्डने ती वळवली आणि किल्ल्यापासून सुमारे 500 यार्डांवर नांगर टाकला.

आता तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. बोट हलू शकत नव्हती. प्रवाहाच्या वरच्या अंगाला विल्सनची माणसं वाट पाहत होती. आणि मेतेम्माच्या बाजूला मोठी फौज होती, ती या बाजूला सरकायला फार वेळ लागला नसता. बेरेसफर्डने मागचा आडोसा कापून एक तोफ तिथे हलवली आणि किल्ल्याची जी एक खिडकी बोटीकडे बघत होती तिच्यावर दिवसभर मारा चालू ठेवला. त्यामुळे तोफ गप्प राहिली. बंदुकीच्या गोळ्या मात्र दिवसभर बोटीच्या अंगावर वाजत होत्या.

बेनबोंचं काम खाली होतं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मोहिमेवरच्या बहुतेक लेखनात हा भाग 'त्यांनी बॉयलर दुरुस्त केला' एवढ्या वाक्यात उरकलेला असतो.

सगळ्यात आधी वाट पाहावी लागली. आग ओढून काढली तरी बॉयलरचं लोखंड, विटा, राख, आतलं पाणी, सगळं तापलेलं असतं. घाई करून गार पाणी मारलं तर पत्रा आकसतो, शिवणी सुटतात, रिव्हेट ढिले पडतात आणि एका भोकाच्या जागी दहा गळत्या होतात. पण इथे रात्रभर थांबून थंड करण्याची चैन नव्हती. गार पाणी आत सोडून पुन्हा उपसावं लागलं. सकाळी गोळा लागला तरी प्रत्यक्ष कामाला हात घालायला दुपार व्हायला आली.

मग प्लेट. उंटावरून आणलेल्या पत्र्यातून बेनबोंनी 16 इंच बाय 14 इंचांचं ठिगळ कापलं. कार्यशाळेत हे काम सोपं वाटेल. तिथे लेथ नव्हता, ड्रिलिंग मशीन नव्हतं, प्लेट वाकवायला रोलर नव्हते. जे करायचं ते हातांनी. प्लेटच्या कडेने भोकं पाडायची, मग बॉयलरच्या फुटलेल्या भागाभोवती त्यांना नेमकी जुळणारी भोकं पाडायची. सुतभर जरी चुकलं तर बोल्ट जात नाही आणि जबरदस्तीने घातला तर बसत नाही. हाताच्या ड्रिलने बॉयलरचा पत्रा भोसकणं किती सावकाश होतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. खांदे भरून येतात आणि टोक सारखं बोथट होतं. बेनबो हे कोंदट, तापलेल्या आगखोलीत करत होते, बाहेरून गोळ्या आदळत असताना. बोल्ट आणि नटही तयार नव्हते. त्यांच्यावर आटे तिथेच पाडावे लागले. आटा कच्चा राहिला तर वाफेचा दाब चढल्यावर नट सरकतो आणि मग ठिगळ लावणाऱ्याच्याच तोंडावर वाफ येते. म्हणजे शत्रूच्या गोळीइतकाच धोका आपल्याच हाताच्या कामातला होता. इंजिनिअरच्या धैर्याचा हा भाग शिपाई नसलेल्या माणसाला चटकन कळतो आणि शिपायाला कदाचित कळत नाही, असं मला वाटतं.

शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. बोल्ट आतून भोकांमधून बाहेर काढायचे होते, म्हणजे कुणीतरी बॉयलरच्या आत शिरायला हवं होतं. आतली उष्णता अजून सहन होण्यासारखी नव्हती आणि मोठ्या माणसाला ते जमलं नाही. बेरेसफर्डने लिहिलं आहे की बोटीवरच्या एका काळ्या मुलाच्या अंगाला चरबी चोपडली आणि त्याला आत सोडलं. पहिल्यांदा तो आत गेला तितक्याच वेगाने बाहेर आला. बक्षिसाचं आश्वासन होतंच. तो पुन्हा आत शिरला आणि सगळे बोल्ट हातात देईपर्यंत आत राहिला.

त्याचं नाव लिहिलेलं नाही. वयही नाही. साफियावर तो कसा आला, मोहीम संपल्यावर कुठे गेला, काही नाही. हे प्रकरण लिहिताना त्याला तळटीपेत टाकायला माझं मन तयार नाही. बेनबोंची भोकं कितीही अचूक असती आणि आटे कितीही सुबक असते, तरी हा मुलगा दुसऱ्यांदा आत शिरला नसता तर ठिगळ बसलं नसतं आणि आतल्या-बाहेरच्या कुणाचीही सुटका झाली नसती. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी पूर्ण माहीत होतं.

संध्याकाळी बेनबोंनी वर कळवलं की बॉयलर तयार आहे. गोळा लागल्यापासून जवळजवळ 10 तास झाले होते.

पहाटेची वाफ

दुरुस्ती झाली तरी लगेच निघता येत नव्हतं. अंधारात धुराड्यातून ठिणग्या उडाल्या असत्या आणि किल्ल्याला कळलं असतं. बेरेसफर्डने शत्रूला असं भासवलं की आपण बोट सोडून चाललो आहोत. संध्याकाळी होड्या बोटीला लावून घेतल्या, रात्री एकही दिवा लावला नाही, कुणी मोठ्याने बोललं नाही. गोळीबार हळूहळू थांबला. 4 फेब्रुवारीच्या पहाटे 5 च्या सुमाराला आग पेटवली. ठिणग्या झाकायचा प्रयत्न केला, तरी तासाभरात धुराड्याने घात केलाच. किल्ल्यात नगारे वाजू लागले, आरडाओरडा सुरू झाला. पण तोपर्यंत वाफ धरली होती.

ठिगळाची खरी परीक्षा त्या क्षणाला झाली. थंड बॉयलरवर कुठलंही ठिगळ घट्ट दिसतं. साफियाने नांगर उचलला आणि ती थोडी प्रवाहाच्या वर गेली, मग वळली आणि पूर्ण वेगात किल्ल्यासमोरून खाली सुटली, सगळ्या तोफा-बंदुका चालवत. बेनबोंचे नट सरकले नाहीत. तोपर्यंत विल्सनची माणसं उजव्या काठाने चालत किल्ल्याच्या पलीकडे आली होती आणि आदल्या दिवशी तिथूनच त्यांनी बोर्देनवरून उतरवलेल्या तोफेने किल्ल्यावर मारा करून साफियाला साथ दिली होती. जखमींची एक होडी प्रवाहाबरोबर खाली येताना वाळूवर अडकली होती, तीही सोडवून घेतली. या गडबडीत सब-लेफ्टनंट कॉलिन केपेलला गोळी चाटून गेली. हे नाव लक्षात ठेवा. संध्याकाळपर्यंत सगळे गुबातला परत आले.

गॉर्डन वाचला नव्हता, खार्तूम गेलं होतं, मोहिमेचा हेतूच उरला नव्हता. म्हणून काही इतिहासकार साफियाचा प्रसंग मोठ्या पराभवाच्या कडेची एक चकमक म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. दोन बोटींवरची आणि साफियावरची बहुतेक माणसं जिवंत परत आली. मोहीम का फसली आणि माणसं का वाचली हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर मोठ्या अंशी आगखोलीत आहे.

कोणाला काय मिळालं

बेनबोंना इजिप्त पदक मिळालं आणि त्यावर 1884-85 च्या नाईल मोहिमेची पट्टी. गुबातच्या तळावर स्वयंपाक केलेल्या, कोर्तीत कोठार सांभाळलेल्या, नाईलच्या धबधब्यांवर होड्या ओढलेल्या माणसालाही तीच पट्टी मिळाली. अबू क्लीची वेगळी पट्टी निघाली, किर्बेकानच्या लढाईची निघाली. वाद हबेशीची नाही. 13 पट्ट्यांमध्ये तिचा पत्ताच नाही. त्याशिवाय खेदिवचा, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याचा, पाच टोकांचा कांस्य तारा होता, पण तोही मोहिमेतल्या सर्वांनाच मिळालेला आणि त्याच्यावर बहुधा नावसुद्धा नसे.

मग या कामाची दखल घेतलीच नाही का? घेतली, पण पदकाच्या वाटेने नव्हे. नाविक दलाची पाहणी करताना वुल्सलीने स्वतःची चांदीची सिगारेटची डबी बेनबोंना दिली, कारण तिथे द्यायला दुसरं काही नव्हतं. आरमाराने त्यांना खास बढती देऊन इन्स्पेक्टर ऑफ मशिनरी केलं. पुढे ते चीफ इन्स्पेक्टर झाले आणि सर हेन्री बेनबो म्हणून निवृत्त झाले. या माणसाला व्यवस्थेने विसरलं असं म्हणता येणार नाही.

शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, का नाही, हा प्रश्न मात्र उरतो. 1881 पासूनच्या नियमात शत्रूसमोर दाखवलेलं ठळक शौर्य किंवा देशनिष्ठा एवढीच अट होती. दिवसभर शत्रूच्या माऱ्याखाली, उकळत्या पाण्याच्या भांड्याशेजारी उभं राहून केलेलं काम त्यात बसत नाही असं मला कुणीही पटवून देऊ शकणार नाही. वर्षभरापूर्वी त्याच सुदानात, एल तेबला, आरमाराच्याच कॅप्टन आर्थर विल्सनला तो क्रॉस मिळाला होता. तलवार मोडल्यावर तो मुठींनी लढला होता. ते शौर्य खरंच होतं. पण ते शौर्य कसं दिसतं हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. पाना आणि ड्रिल हातात धरलेल्या माणसाचं शौर्य पाहायची सवय आरमाराला नव्हती.

या सवयीमागे हुद्द्यांची रचना होती. वाफेची इंजिनं आली तेव्हा ती चालवणाऱ्यांना आरमाराने आपल्यात घेतलं, पण वेगळ्या रांगेत बसवलं. 1863 पासून इंजिनिअर अधिकाऱ्यांच्या बाहीवर सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये जांभळं कापड असे, म्हणजे लांबूनच कळावं की हा जहाजाचा हुकूम देणाऱ्यांपैकी नाही. लेफ्टनंट, कमांडर यांच्यासारखे हुद्दे त्यांना 1903 मध्ये मिळाले. सोनेरी पट्टीवरचा गोल वेढा, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांची खूण, तर 1915 मध्ये. म्हणजे 1885 मध्ये बेनबो ज्या जागी उभे होते, तिथून क्रॉसपर्यंतची वाट नियमाने बंद नसली तरी नजरेने बंद होती. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा मधला सन्मान सप्टेंबर 1886 मध्ये निर्माण झाला. फेब्रुवारी 1885 मध्ये त्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देण्यासारखं सर्वसाधारण मोहीम-पदक आणि क्रॉस यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नव्हतं. अशा वेळी बढती हाच मार्ग उरला.

सुदानी आणि इजिप्शियन खलाशांचं काय? वेढ्यात असताना गॉर्डनने खार्तूममध्येच वाळूच्या साच्यांत तारे ओतून घेतले होते. ते हुद्द्याप्रमाणे चांदीचे किंवा कथलाच्या मिश्रणाचे असत. ओबडधोबड, मधोमध तोफगोळ्याची खूण. आगबोटींवरच्या लोकांनी आणि शहरातल्या लोकांनी भोगलेल्या महिन्यांची ती दखल. लंडनच्या पदकापेक्षा मला तो तारा जास्त बोलका वाटतो, कारण तो देणारा आणि घेणारा दोघेही एकाच गोळीबारात होते. तरीही बॉयलरमध्ये शिरलेल्या मुलाच्या वाट्याला बक्षिसाच्या पैशांशिवाय काही आल्याचा उल्लेख नाही.

पदक समोर आलं तर

लिलावात किंवा जुन्या संग्रहात आगबोटीवरच्या इंजिनिअरचं इजिप्त पदक कधीमधी दिसतं. ते वाचताना काही गोष्टी उपयोगी पडतात. स्फिंक्सखाली 1882 हे साल असेल आणि फितीवर नाईल 1884-85 ची पट्टीही असेल, तर तो माणूस 1882 च्या मोहिमेतही होता. एकदा पदक मिळालेल्याला पुढच्या मोहिमेसाठी फक्त पट्टी दिली जाई. साल नसेल तर तो 1884 मध्ये किंवा त्यानंतर आला. कडेवर जहाजाचं नाव असतं ते त्याच्या मूळ युद्धनौकेचं. नाईलवर तो ज्या बोटीवर होता तिचं नाव तिथे मिळेलच असं नाही. साफिया, बोर्देन ही नावं शोधत कड चाळणाऱ्याची म्हणूनच निराशा होते. नाव आणि हुद्दा घेऊन लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागतं. आरमाराच्या पदकांच्या याद्या तिथे ॲडमिरल्टीच्या 171 क्रमांकाच्या मालिकेत आहेत आणि अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी 196 मध्ये. पट्टी कुठली आणि ती खरंच त्याच माणसाची का, हे तिथे ताडून बघता येतं. पदकावर हव्या त्या पट्ट्या चढवून किंमत वाढवणारे लोक व्हिक्टोरियाच्या काळापासून आहेत.

मुंबई इलाख्याशी याच पदकाचा एक सरळ संबंध आहे. मार्च 1885 मध्ये लाल समुद्राच्या काठी सुआकिनला हिंदुस्थानातून आलेली तुकडी होती आणि तिच्यात 28वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती. 22 मार्चला तोफ्रेकला झालेल्या हल्ल्यात 15 शीख आणि 17 बंगाल या पलटणींबरोबर तीही होती. त्यामुळे स्फिंक्सचं हे पदक सुआकिन 1885 आणि तोफ्रेक या पट्ट्यांसह आपल्याकडच्या एखाद्या घरातल्या पेटीतही असू शकतं. अशा पदकाच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत शोधाव्या लागतात. कुणाच्या घरी असेल तर ते पॉलिश करू नका. कडेवरची कोरीव अक्षरं घासली गेली की तो माणूस परत मिळत नाही.

साफियाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. फेब्रुवारीच्या मध्याला गुबात सोडताना बेरेसफर्डने उरलेल्या दोन्ही बोटींच्या इंजिनाचे भाग काढून त्या निकामी केल्या. महदीच्या लोकांनी त्या पुन्हा चालत्या केल्या, म्हणजे त्या बाजूलाही हुशार कारागीर होते. त्यांचीही नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. साफिया पुढची 13 वर्षं त्यांच्यासाठी नाईलवर धावली. सप्टेंबर 1898 मध्ये ओम्दुर्मानच्या लढाईनंतर ब्रिटिश सेनापती किचनर नाईलच्या वरच्या अंगाला असलेल्या फशोदाकडे निघाला, तेव्हा रेंकजवळ ती त्याच्या ताफ्यासमोर आली आणि पकडली गेली. त्या मोहिमेतल्या गनबोटींचा प्रमुख होता कॉलिन केपेल, तेरा वर्षांपूर्वी साफियावर गोळी चाटून गेलेला तोच सब-लेफ्टनंट.

संग्रहालयात असं पदक मांडताना खाली सहसा एवढंच लिहितात: इजिप्त पदक, चांदी, पट्टी नाईल 1884-85, चीफ इंजिनिअर, रॉयल नेव्ही. बेनबोंच्या बाबतीत मी त्याखाली आणखी तीन ओळी मागेन. एक, वाद हबेशी, 3 फेब्रुवारी 1885, तोफेच्या माऱ्याखाली हातांनी बसवलेली 16 बाय 14 इंचांची प्लेट. दोन, प्लेट कोर्तीहून उंटावरून आणलेली. तीन, बोल्ट बॉयलरच्या आतून एका मुलाने दिले, नाव नोंदलेलं नाही.